मग फाशी कोणाला देणार होतो?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून बोरिवलीला राहतो. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांत माझे एक सहकारी गेले. आम्ही रोज चर्चगेटहून एकाच डब्यात बसत असू. त्या दिवशी रोकड जुळत नव्हती म्हणून मी मागे राहिलो. पुढे त्यांच्या सामानातून एका बाजूने चेपलेला स्टीलचा डबा परत मिळाला, तो मीच त्यांच्या घरी पोहोचवला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले आणि त्यांतील पाच जणांना फाशी सुनावली, तेव्हा मी शाखेत पेढे वाटले होते. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. त्या संध्याकाळी सहकाऱ्यांच्या पत्नीने फोन करून एवढेच विचारले, "मग केलं कोणी?" मला उत्तर देता आले नाही. माझा मुलगा म्हणतो, फाशी वेळेवर दिली असती तर हा दिवस आलाच नसता. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगताही येत नाही. फाशी असावी की नसावी?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : आपल्या चिरंजीवांचे वाक्य आधी घेतो, कारण ते शब्दशः खरे आहे. फाशी उरकली असती तर हा दिवस खरोखरच आला नसता. पुराव्यातील भोके तशीच राहिली असती, फक्त ती पाहायला कोणी गेले नसते. उच्च न्यायालयापुढील सुनावणी ही आरोपींनी शोधलेली पळवाट नव्हती. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात आणताच येत नाही. त्या सुनावणीत कबुलीजबाब मारहाणीने घेतल्याचे, ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला तसा अधिकारच उरला नसल्याचे आणि महत्त्वाचे साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी बोलू लागल्याचे न्यायालयाला दिसले. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले; या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत चालणार नाही असे त्या न्यायालयाने म्हटले, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. त्यामुळे मी इथे कोणालाही निष्पापपणाचे प्रमाणपत्र देत नाही. मुद्दा एवढाच, की २०१५ मध्ये आपल्याला जे पक्के वाटत होते ते पक्के नव्हते.

हे एकदाच घडले असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. पण २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला आणि भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले. उच्च न्यायालयाने त्यांतील तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आपला निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. या प्रकरणातील एक बारीक गोष्ट मला कधी विसरता आलेली नाही : हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांच्या छायाचित्रांच्या संग्रहातून दुसऱ्याच चार माणसांवर बोट ठेवले होते, आणि त्या चौघांच्या मागे कोणी गेलेच नाही. चुकीच्या माणसाला फाशी होते तेव्हा एक निरपराध जातो हे आपण जाणतोच. पण त्याच दिवशी खऱ्या गुन्हेगाराचीही फाईल बंद होते, याचा विचार क्वचितच होतो. आपल्या सहकाऱ्यांच्या पत्नीने नेमके तेच विचारले आहे. त्यामुळे फाशीने पीडितांना न्याय मिळतो हे म्हणणे मला उलटेच वाटते. ज्याला खरा गुन्हेगार हवा आहे, त्याने तर फाशीबाबत सर्वांत सावध असायला हवे.

आता आपण विचारले नसले तरी कोणीतरी विचारीलच : कसाबचे काय? तो जिवंत पकडला गेला, त्याची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली तेव्हा मला दुःख झाले नाही, हे मी लपवीत नाही. तिथे 'माणूस चुकीचा पकडला असेल' हा युक्तिवाद चालत नाही. पण कायदा एका माणसाच्या मापाने बेतता येत नाही. फाशी केवळ 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणातच द्यावी, हा १९८० च्या बचनसिंग खटल्यातील निकष कसाबला अचूक बसतो असे म्हणावे, तर नाशिकच्या त्या सहा जणांनाही तो तितक्याच खात्रीने लावला गेला होता. निकष गुन्ह्याची भीषणता मोजतो. आरोपी खरा की खोटा, हे त्यातून कळत नाही. उलट गुन्हा जितका भीषण, तितका कोणाला तरी पकडून दाखवण्याचा दबाव मोठा, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

मुंबईतील शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघांची फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली आणि जनक्षोभावर शिक्षा ठरवता येत नाही असे बजावले. फाशीने पश्चात्तापाची शक्यताच संपते, असेही न्यायालयाने म्हटले. पश्चात्तापाबद्दल मी फारसा आशावादी नाही. पण मरेपर्यंत तुरुंग ही सौम्य शिक्षा आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा आर्थर रोडच्या भिंतीबाहेर भेटीच्या रांगेत उभे राहून पाहावे. बाबासाहेब आंबेडकरांनी तर जून १९४९ मध्येच, फाशीविरुद्ध अपिलाची तरतूद करण्यापेक्षा फाशीच रद्द करावी, असे मत संविधान सभेत मांडले होते. माझेही मत आज तेच आहे, आणि ते गुन्हेगारांच्या दयेपोटी झालेले नाही. आपल्या तपासयंत्रणेकडे पाहून झाले आहे.

पेढे वाटल्याबद्दल आपण स्वतःला दोष देऊ नये. न्यायालयाने दोषी ठरवले म्हणून आपण विश्वास ठेवला. फोनचे उत्तर मात्र द्यावयाचे राहिले आहे. "मग केलं कोणी?" याला आज "ठाऊक नाही" एवढेच खरे उत्तर आहे, आणि ते फोनवर न देता त्यांच्या घरी जाऊन द्यावे. पेढ्यांचे त्यांना सांगावे की नाही, ते आपण तिथे बसल्यावर ठरवा.