पेवातली मुलगी कोणाची?

चित्रकथेतल्या पात्राचा जनक कोण, या एकाच विषयावर सांगली-साताऱ्याकडून बरीच पत्रं आली. काही प्रश्न थोडे आवरून घेतले आहेत. वाद घरातलेच असल्याने कोणाचीही नावं छापलेली नाहीत.

मी लेखक, माझा मित्र चित्रकार. 2016 मध्ये वाचनालयाच्या बालअंकासाठी आम्ही एक पात्र रचलं : हरिपूरच्या हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात राहणारी, अंगाने पिवळीधमक, खोडकर मुलगी. 2019 च्या महापुरानंतर एका तरुण चित्रकर्तीने मालिका हातात घेतली. गोष्टीही तीच लिहू लागली. आता ती मुलगी होडी वल्हवते, आयर्विन पुलाजवळ अडकलेल्यांना बाहेर काढते. मुलं तिला याच रूपात ओळखतात. पुस्तक निघतंय आणि चित्रकर्ती म्हणते, जनक म्हणून माझंही नाव हवं. काय करावं? (सांगली)

आधी एक सांगतो. पत्रात तुम्ही चार ठिकाणी ‘माझं पात्र’ लिहिलंय आणि मित्राचा उल्लेख एकदाच केलाय. पिवळं अंग तुम्ही सुचवलं असेल, पण ते डोळे, ती वेणी, तो उभं राहण्याचा तोरा मित्राच्या हातातून उतरला. चित्रकथेत ‘कल्पना माझी, त्याने फक्त काढलं’ हे वाक्य चालत नाही. स्पायडरमॅन 1962 मध्ये आला तेव्हा शब्द स्टॅन ली यांचे होते, पण तो चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा आणि अंगभर जाळीचा पोशाख स्टीव्ह डिटको यांचा. ते वजा केलं तर हातात काय राहतं? आपल्याकडे ‘चिंटू’चं उदाहरण आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ही नावं जोडीनेच घेतली जातात. तेव्हा 2016 चे जनक तुम्ही दोघं, हे आधी पक्कं करा.

आता चित्रकर्ती. मी अशा वेळी एक कसोटी लावतो. तिने घातलेली भर बाजूला काढली तर आजच्या वाचकाला पात्र ओळखू येईल का? आणि तुमची भर काढली तर तिच्याकडे काही उरेल का? तुमच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आहे. तिने नुसत्या दहा नव्या गोष्टी रचल्या असत्या, तर त्या गोष्टींची लेखिका एवढंच श्रेय पुरलं असतं. पण खोड्या काढणारी मुलगी माणसं वाचवू लागली, म्हणजे त्या पात्राचं जगण्याचं कारणच बदललं.

बॅटमॅनच्या चित्रकथांतल्या बार्बरा गॉर्डनचं असंच झालं. 1967 मध्ये गार्डनर फॉक्स आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी तिला बॅटगर्ल म्हणून आणलं. 1988 च्या एका कथेत तिला गोळी लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुष्कळांच्या लेखी ती तिथेच संपली. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांना ते पटलं नाही. 1989 मध्ये त्यांनी तिला चाकाच्या खुर्चीत, संगणकासमोर, ‘ओरॅकल’ म्हणून पुन्हा उभं केलं. बाई तीच, पण ओरॅकलचं श्रेय येल आणि ऑस्ट्रँडर यांना मिळतं आणि बार्बराच्या जन्माचं श्रेय जुन्या मंडळींकडेच राहतं. यात कोणाचंही काही हिरावलं जात नाही.

म्हणून पुस्तकात असं छापा : ‘पात्राचे जनक (2016)’ पुढे तुम्हा दोघांची नावं, खाली ‘महापुरानंतरचं रूप आणि कथा (2019 पासून)’ पुढे तिचं नाव. एकाच पानावर आणि एकाच आकाराच्या अक्षरात. हसू नका, यातली निम्मी भांडणं अक्षराच्या आकारावरून होतात. सांगलीत तरी हे जड जाऊ नये. विष्णुदास भाव्यांच्या गावात नाटकाच्या जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा असं ज्याचं त्याचं वेगळं छापतात. नेपथ्यकाराचं नाव आलं म्हणून नाटककाराला कमीपणा येत नाही.

सर, 2024 च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ सिनेमाच्या वेळी रॉय थॉमस यांना वुल्व्हरिनचे सहजनक ठरवल्यावरून वाद झाला. संपादकाने ‘असं पात्र कर’ म्हटलं की तो जनक होतो का? (सातारा, महाविद्यालयीन विद्यार्थी)

नुसतं ‘कर’ म्हटल्याने होत नाही. पण थॉमस यांनी तेवढंच म्हटलं नव्हतं, म्हणून तर वाद आहे. 1974 मध्ये ते मार्व्हल या अमेरिकी चित्रकथा कंपनीचे मुख्य संपादक होते. पात्र कॅनडाचं हवं, नाव वुल्व्हरिन हवं, बुटकं आणि तापट हवं, असं त्यांनी लेन वाइन यांना सांगितलं. वाइन यांनी कथा लिहिली, जॉन रोमिटा यांनी पोशाख आणि नख्या योजल्या आणि छापील पानावर ते पहिल्यांदा हर्ब ट्रिम्पी यांनी काढलं : ‘हल्क’ या चित्रकथा मालिकेच्या 180 व्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत, मग 181 व्या अंकात पूर्ण. इथवर वाइन, रोमिटा आणि ट्रिम्पी ही नावं रूढ होती. थॉमस यांचं नाव जोडलं गेलं तोवर तिघंही हयात नव्हते. वाइन यांच्या पत्नीने जाहीर विरोध केला, तो मुख्यतः याच कारणाने. उत्तर द्यायला समोर कोणी नसताना यादी बदलणं मलाही खटकतं.

पण हे पात्र तिथे थांबलं नाही. वाइन यांच्या मनात नख्या हातमोज्यातल्या होत्या. त्या हाडामांसाच्या आहेत हे पुढचे लेखक क्रिस क्लेअरमाँट यांच्या कथेत ठरलं. मुखवट्याखालचा चेहरा आणि ते कानांसारखे उभे केस चित्रकार डेव्ह कॉक्रम यांचे. 1975 च्या एका मुखपृष्ठावर गिल केन यांनी मुखवट्याचे कान चुकून मोठे काढले, कॉक्रमना ते आवडले आणि तेच रूढ झाले. त्यानंतरचे चित्रकार जॉन बर्न स्वतः कॅनडात वाढलेले. त्यांनी आपल्या देशाचं पात्र मागे पडू दिलं नाही. 1982 मध्ये क्लेअरमाँट आणि फ्रँक मिलर यांनी त्याला जपानला नेलं, तेव्हा कुठे या रानटी माणसाला अब्रूची चाड आली.

माझा कौल विचाराल तर जन्माचं श्रेय वाइन आणि रोमिटा यांचं, ट्रिम्पी पहिले रेखाटनकार. थॉमस यांची नोंद ‘नाव आणि मूळ सूचना’ अशी व्हावी. ती खरी आहे आणि पुरेशी आहे. त्यांना जनक म्हणायचं तर क्लेअरमाँटना काय म्हणायचं, हा प्रश्न लगेच उभा राहतो. पडद्यावर आपण ज्याला पाहतो त्यात त्यांचा वाटा थॉमस यांच्याहून कितीतरी मोठा आहे.

एका छापखान्यात पगारावर असताना मी त्यांच्या मासिकासाठी एक पात्र काढत असे. नोकरी सोडली. आता दुसरा माणूस ते काढतो, माझं नावही गाळलं. काही हक्क आहे का? (मिरज)

दोन गोष्टींची गल्लत करू नका. मालकी वेगळी, श्रेय वेगळं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर मासिकासाठी नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा, नियतकालिकात छापण्यापुरता, पहिला मालक नोकरी देणारा. पण कलम 57 म्हणते की मालकी गेली तरी आपण कर्ते आहोत हे सांगण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. तुम्ही काढलेली पानं पुन्हा छापली तर तिथे नाव मागा, तेही लेखी.

आणखी एक विचारतो : हे पात्र नोकरीआधी तुमच्या वहीत होतं का? केरळमध्ये ‘बोबन आणि मॉली’ या जोडगोळीवरून चित्रकार टॉम्स आणि मलयाळ मनोरमा यांच्यात खटला झाला. टॉम्स यांनी पात्रं नोकरीआधी निर्माण केली होती, म्हणून पुढेही ती काढायचा त्यांचा हक्क केरळ उच्च न्यायालयाने मान्य केला. नोकरीत काढलेली चित्रं मात्र वृत्तपत्राकडेच राहिली. जुन्या वह्या रद्दीत घातल्या नसतील तर शोधा आणि वकिलाला दाखवा.

आजीच्या गोष्टीतल्या भोळ्या गड्यावर चित्रकथा केली. जनक आजी की मी? (वाई)

सुपंडीचं बघा. तिरुचिरापल्लीच्या पी. वरदराजन या वाचकाने तमिळ लोककथेतल्या अशा गड्याच्या गोष्टी ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकाला पाठवल्या, 1983 मध्ये तो छापून आला. त्याचं ते लांबुळकं डोकं राम वाईरकर यांनी दिलं. त्यांच्यानंतर कन्या अर्चना आंबेरकर यांनी तो काढला. लोककथेला मालक नसतो, तिच्यातून घडवलेल्या पात्राला असतो. तुम्ही स्वतःला जनक म्हणा, ‘आजीने सांगितलेल्या गोष्टींवरून’ हेही छापा. आजीचं नावही घाला, नुसतं ‘आजी’ नको.

आमच्या पात्राचं नाव थोडं बदलून दुसऱ्याने अंक काढला. (विटा)

हा श्रेयाचा वाद नाही, नकलेचा आहे. ‘नागराज’ या हिंदी चित्रकथेतल्या नायकाची नक्कल म्हणून ‘नागेश’चा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता आणि निकाल नागराजच्या बाजूने लागला. दोन्ही अंकांतली पानं शेजारी ठेवून साम्यं लिहून काढा, मग नोटीस.

माझा जोडीदार चित्रकार वारला. मी पुढे दुसऱ्याकडून चित्रं काढून घेतोय. घरच्यांनी कधी विचारलं नाही. नाव किती वर्षं छापायचं? (कराड)

पात्र छापलं जाईल तितकी वर्षं. ‘घरच्यांनी विचारलं नाही’ हे कारण नव्हे. बॅटमॅनचा 1939 चा करार एकट्या बॉब केन यांच्या नावे झाला. टोकदार कानांचा मुखवटा, करडा पोशाख, ब्रूस वेन हे नाव, हे सारं बिल फिंगर यांचं. ते 1974 मध्ये निनावी गेले. त्यांचं नाव अधिकृतपणे लागायला 2015 साल उजाडलं, तेही एका अभ्यासकाने वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला आणि नात उभी राहिली म्हणून. कलम 57 चा हक्क वारसांनाही बजावता येतो. म्हणून पुढच्या अंकाआधी त्यांच्या घरी जा. नव्या चित्रकाराबद्दल सांगा, नावं कशी छापणार ते कागदावर दाखवा आणि जुन्या पानांचं पुनर्मुद्रण करणार असाल तर मानधनातला वाटा तिथेच ठरवून सही घ्या.