कुंभारणीचं घरटं खरवडू नका

ताई, खिडकीच्या चौकटीवरचं ते मातीचं घरटं राहू द्या. कुंभारीण माशी आहे ती, सुतासारख्या कमरेची. चिमटीत धरल्याशिवाय सहसा डंख मारत नाही. गांधीलमाशीसारखी टोळी नसते, सगळं काम एकटीचं. ओल्या मातीची गोळी तोंडात घेऊन येते आणि थापताना गुणगुणते. जवळ उभ्या राहून एकदा ऐकाच, वेड लागेल! मग डंखाने बधिर केलेले कोळी एकेका खोलीत ठासते, त्यांवर अंडं घालते, तोंड लिंपून टाकते. गोल भोक दिसलं की पिल्लू उडालं, मग हवं तर पुसा. मी तिच्यासाठी कुंडीजवळ बशीत चिखल ठेवते. पाणी मात्र साचू देऊ नका, डास होतील.