फॉर्ममधला ‘नाही’ आधी खोडा

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलंय. अशी पत्रं एकसारखी येतात. कुणाचं नाक असतं, कुणाचं केसरोपण, यांचं पोट आहे. दोन बाळंतपणांनंतर सुटलेली कातडी काढून पोट घट्ट करायचं आणि त्याच वेळी कमरेवरची चरबीही काढायची. पुण्यातलं खासगी हॉस्पिटल, पॅकेज २ लाख ४० हजारांचं, त्यातले ६० हजार आगाऊ भरून झालेत. तारखेला १९ दिवस उरलेत आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मुलीचं लग्न. मैत्रिणीच्या नात्यातल्या कुणाला तरी अशाच ऑपरेशननंतर पू झाल्याचं कानावर आलं, तेव्हा कुठे ताईंनी सही करून दिलेल्या कागदांची प्रत पहिल्यांदा वाचली. कलम ११ म्हणतं, ‘जंतुसंसर्ग झाल्यास हॉस्पिटल जबाबदार राहणार नाही.’ त्यांचा प्रश्न: सही तर होऊन गेली, आता काही झालं तर माझे हात बांधलेले का?

दहा रुपयांची भेंडी घेताना आपण देठ मोडून बघतो. इथे स्वतःचं पोट होतं, ताई. असो.

कलम ११ चं फार मनावर घेऊ नका. तुम्ही संमती देता ती धोक्याला, निष्काळजीपणाला नव्हे. हत्यारं नीट निर्जंतुक केली नाहीत आणि ते सिद्ध झालं, तर असं एखादं वाक्य हॉस्पिटलला वाचवेल असं मला वाटत नाही. मात्र उलट बाजूही ऐका. संसर्ग झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असंही कायदा मानत नाही. डॉक्टरांच्या निष्काळजीपणावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून मोजपट्टी तीच आहे: साधारण कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली होती का? उत्तम ऑपरेशन थिएटरमध्येही जखम चिघळू शकते. तेव्हा या कलमावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

तुमचं प्रकरण ठरतं ते कलम ४ वर. त्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही. ‘माझ्या आजारांची व सवयींची वर दिलेली माहिती खरी व पूर्ण आहे, माहिती लपवल्यामुळे होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार राहीन.’ त्याच्या वरच्या रकान्यात मधुमेह: नाही. तंबाखू: नाही. त्वचेचा विकार: नाही. आणि पत्राच्या शेवटी तुम्हीच सहज लिहून गेलात की गेल्या महिन्यात एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, ९.१ आली, पोटाच्या घडीत एक गळू आहे, आणि सकाळी मिसरी लावता, ‘पण ती काही सिगारेट नव्हे’. हॉस्पिटलची कोऑर्डिनेटर म्हणाली होती, शुगर असेल तर तारीख पुढे जाईल. म्हणून ‘नाही’ लिहिलंत.

उद्या संसर्ग झाला आणि तुम्ही ग्राहक आयोगात गेलात, तर समोरचा वकील कलम ११ ला हातसुद्धा लावणार नाही. तो हा रकाना आणि तुमचा लॅबचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवेल आणि खाली बसेल. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. हॉस्पिटलने ऑपरेशनपूर्वी स्वतः रक्त तपासायला हवं होतं, हा मुद्दा तुमच्या बाजूने उरतो, आणि तो हलकाही नाही. पण सही करून चुकीची माहिती देणाऱ्याच्या भरपाईला कात्री लागण्याचीच शक्यता जास्त. किती लागेल, ते आयोगानुसार बदलतं.

आता वैद्यकीय बाजू, वकिलाला कळते तेवढीच. साखर वाढलेली असेल तर जखम भरायला उशीर होतो आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी; ती १९ दिवसांत खाली येत नाही, दोन दिवस भात सोडून तर नाहीच. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. या ऑपरेशनमध्ये पोटाची कातडी मोठ्या भागावर सोडवून खाली ओढतात; तिला रक्त कमी पोचलं तर कडा काळ्या पडतात आणि तिथेच संसर्ग घर करतो. तंबाखू निदान चार आठवडे आधी बंद करा, असं डॉक्टर सहसा सांगतात. तुमच्याकडे १९ दिवस आहेत. हिशेब तुम्हीच करा. आणि घडीतलं गळू तर नेमकं चीर पडते त्याच परिसरात आहे.

तेव्हा आजच्या आज एक पत्र लिहा, सर्जनच्या नावाने; कोऑर्डिनेटरच्या नावाने नको. भाषा साधी ठेवा: ‘अमुक तारखेच्या फॉर्ममध्ये माझ्याकडून माहिती चुकीची भरली गेली. बरोबर माहिती पुढीलप्रमाणे आहे. या स्थितीत ठरलेल्या तारखेला शस्त्रक्रिया सुरक्षित आहे का, की ती पुढे ढकलावी, हे कृपया लेखी कळवावे.’ सोबत रिपोर्टची प्रत जोडा. ईमेल करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा, पावती जपून ठेवा. फोनवर सांगितलेलं धरलं जाणार नाही. या एका पत्राने पारडं फिरतं: सगळं कळूनही त्यांनी त्याच तारखेला चाकू चालवला, तर उत्तर त्यांना द्यावं लागेल.

कोऑर्डिनेटरचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुसू नका आणि सध्या मोबाइलही बदलू नका. ‘शुगर असेल तर तारीख पुढे जाईल’ हे तिने लेखी म्हटलं असेल तर तुमच्या कामाचंही आहे आणि तुमच्या विरोधातही जाऊ शकतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

६० हजार बुडतील ही भीती मला समजते. म्हणून ‘रद्द करा’ असं लिहू नका, ‘पुढे ढकला’ असं लिहा. तरीही त्यांनी पैसे जप्त केले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आहे. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारी अट तीत बसते. तुमची अट बसेल का, हे पावतीमागचा मजकूर वाचल्याशिवाय सांगणार नाही. आरोग्य विम्याच्या भरवशावर मात्र राहू नका. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यातून वगळलेली असते, आणि तिच्यातून उद्भवलेल्या संसर्गाचा खर्च मागितलात तर कंपनी तेच कलम पुढे करील.

नवी तारीख घेताना सर्जनना समोरासमोर दोन-तीन गोष्टी विचारा. प्लास्टिक सर्जरीत त्यांची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का? चरबी काढायच्या नळ्या वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होतात, की नुसत्या औषधी द्रावणात बुडवून ठेवतात? हा प्रश्न त्यांना आगाऊपणाचा वाटला तरी चालेल. क्षयाच्या जंतूंच्या कुळातले काही जंतू पाण्यात राहतात, द्रावणातही टिकतात, आणि ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी, टाके भरून आल्यावर, गाठी व पू होऊन वर येतात. नेहमीच्या अँटिबायोटिकना ते दाद देत नाहीत. तुमच्या बाजूने एक पथ्य: आदल्या रात्री घरी वस्तऱ्याने केस काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांतही दाढी केल्यासारखे केस काढण्याला सक्त नकार आहे, कारण बारीक ओरखड्यांतून जंतू आत शिरतात.

आणि झालाच संसर्ग, तर? पू नुसता पुसून टाकू देऊ नका, कल्चरला, म्हणजे जंतू ओळखायच्या तपासणीला, पाठवायला लावा, त्या हट्टी जंतूंची तपासणीही मागा. केसपेपरची लेखी मागणी करा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार ते ७२ तासांत द्यायचे असतात. नोंदी जपायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांचंच आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षं. तुम्ही राहता म्हणून नाशिकच्या जिल्हा आयोगातही दाखल करता येते, आणि तुमच्या रकमेला शुल्क लागत नाही. निकाल तीन महिन्यांत लावायचा असं कायद्यात छापलेलं आहे. माझ्या कपाटातल्या फायली बघितल्या तर तुम्हाला हसू येईल, मला येत नाही.

मुदतीबद्दल मात्र गाफील राहू नका. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेचं पित्ताशयाचं ऑपरेशन १९९३ साली मुंबईत झालं. २००२ मध्ये दुसऱ्या ऑपरेशनला पोटातून गॉज (रक्त टिपायचं जाळीदार कापड) निघालं. तिथून दोन वर्षं भरायच्या आत तिने तक्रार केली, तरी २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. कारण? नऊ वर्षं पोट दुखत होतं आणि ती पहिल्या सर्जनकडे फिरकलीच नव्हती. मला हा निकाल कठोर वाटतो, पण माझ्या वाटण्याने तो बदलत नाही. दुखलं, लाल झालं, पाणी सुटलं, तर त्याच दिवशी सर्जनना लिहून कळवा, फोटोसकट.

पत्राचा मसुदा मला दाखवायची गरज नाही. फक्त मिसरीची ओळ गाळू नका. ‘मिसरी’ लिहायला लाज वाटत असेल तर ‘तंबाखू’ लिहा. फॉर्ममध्ये रकाना तोच आहे.