ध्यानाला बसलं की विचार जास्तच वाढतात. मन शांत होण्यासाठी रोज घरच्या घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की कामाचा ताण घरापर्यंत येतो, अंथरुणावर पडलं की डोक्यात तेच चक्र फिरत राहतं, डोळे मिटून बसलं तर विचार आणखी उसळतात आणि साग्रसंगीत पूजेला वेळ नाही. माझा सल्ला असा, की ध्यान तूर्त बाजूला ठेवा आणि हातात माळ घ्या. दमलेल्या, धास्तावलेल्या मनाला नुसतं ‘गप्प बस’ म्हटल्यानं ते बसत नाही. त्याला काहीतरी छोटं, ठरलेलं काम लागतं. जपात जीभ, कान, बोटं आणि श्वास चारही एकाच कामाला जुंपले जातात, म्हणून सुरुवातीला तो मोकळ्या ध्यानापेक्षा पुष्कळ सोपा जातो.

माळ १०८ मण्यांची, तुळशीची किंवा रुद्राक्षाची, घरात असेल ती. मणी अगदी बारीक नकोत; बोटाला कळत नाहीत आणि दोन-दोन एकदम सरकतात. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर माळ ठेवून अंगठ्यानं एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लावायची नाही, अशी रीत आहे. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवायची. यात एक सोयही आहे: फेरी संपल्याचं बोटालाच कळतं, डोळे उघडून बघावं लागत नाही. मोबाइलवरच्या जपमोजणीच्या ॲपपेक्षा माळच बरी, कारण मोबाइल हातात आला की ऑफिसही हातात आलं.

नाम कोणतं? घरात लहानपणापासून कानावर पडलेलं असेल ते. तसं काही नसेल तर ‘रामकृष्णहरी’ किंवा ‘श्रीराम जय राम जय जय राम’ घ्या. एकदा ठरलं की निदान दोन-तीन महिने बदलू नका. दर आठवड्याला नवा मंत्र धरला की जिभेला वळण पडत नाही आणि प्रत्येक वेळी शब्द आठवण्यातच शक्ती जाते.

आता वेग, कारण खरी गोम इथेच आहे. नाकानं सावकाश श्वास घ्या, साधारण चार मोजेपर्यंत. मग श्वास सोडता सोडता तेरा अक्षरी राममंत्र दोनदा म्हणा, सहा मोजेपर्यंत. एक श्वास दहा सेकंदांचा झाला, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एका श्वासात दोन मणी, म्हणजे माळेला ५४ श्वास, सुमारे नऊ मिनिटं. एरवी आपण बसल्या जागी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ निरोगी माणसांवरचा अभ्यास मांडला होता. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो की ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र असो, दोन्हींनी श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाच्या गतीची लय सुधारते, असं त्यांना आढळलं. भक्तीची बाजू वेगळी आहे आणि मोठी आहे. पण देहाच्या पातळीवर काय घडतं हे ठाऊक असलं की घाई आपोआप टळते. माळ चार मिनिटांत संपत असेल तर समजा, तुम्ही नाम घेत नाही आहात, मणी उरकताय.

उलट चूकही होते. खोल श्वासाच्या हौसेनं छाती फुगवून भराभर श्वास घेतला तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर जप थांबवून नेहमीसारखा श्वास घ्या. पुढच्या वेळी श्वास लहान आणि निःशब्द ठेवा, फक्त सोडणं लांबवा.

दुसरी चूक मला सगळ्यात महागात पडणारी वाटते: थेट मनातल्या मनात जप सुरू करणं. वाचिक (मोठ्यानं), उपांशु (ओठ हलवत पुटपुटून) आणि मानस (मनातल्या मनात) या तिन्हींत मानस जप श्रेष्ठ मानतात, म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात. पण काळजीसुद्धा मनातल्या त्याच आवाजात बोलत असते. थोड्याच वेळात नाम सुटतं, बोटं मणी ओढत राहतात आणि डोक्यात साहेबांशी भांडण रंगलेलं असतं. पहिले काही आठवडे स्वतःच्या कानाला ऐकू येईल असं म्हणा. घर गजबजलेलं असेल तर नुसते ओठ हलवा. ज्या दिवशी ताण जास्त, त्या दिवशी एक पायरी खाली या, आवाज काढून म्हणा. मध्ये विचार आलाच तर मणी मागे घेऊ नका, जिथे आहात तिथून पुढचं नाम. विचार येणं म्हणजे जप वाया गेला असं नाही.

किती करायचा? एक माळ. पहिल्याच दिवशी अकरा माळांचा संकल्प केला की चौथ्या-पाचव्या दिवशी खंड पडतो, आणि खंड पडल्याची टोचणी हा नवाच ताण. जागा आणि वेळ मात्र एकच ठेवा. जेवल्यावर लगेच नको, सुस्ती येते.

रात्रीच्या चक्रासाठी दिवेलागणीची जुनी सवय परत आणा. घरी यायला आठ वाजत असतील तर आठला. निरांजनात तुपात पुरती भिजवलेली फुलवात आणि वर चमचाभर तूप. कोरडी वात काजळी धरते. पंखा बंद करा आणि शेजारी कुणीतरी जागं असू द्या. दिव्यासमोर मनाचे श्लोक मोठ्यानं म्हणा, रोज पाच. एकूण २०५ आहेत, म्हणजे एकेचाळीस दिवसांत पूर्ण होतात. भुजंगप्रयात वृत्तात चरणाला बारा अक्षरं येतात, एक चरण एका श्वासात सहज बसतो. शिवाय हे श्लोक मनालाच उद्देशून आहेत. आपल्या बेचैन मनाशी इतक्या मायेनं कसं बोलावं हे त्यातून शिकता येतं. त्यानंतर ऑफिसचे मेसेज उघडू नका, नाहीतर दिवा लावण्याआधीची घालमेल तशीच परत येते.

डोळे मिटून बसल्यावर छाती धडधडत असेल तर बसूच नका. चालत जप करा. ‘रामकृष्णहरी’त सहा अक्षरं, सहा पावलांत एक नाम, वीस मिनिटं. आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी नाम चालतच घेतो. लोकलमध्ये माळ काढायचा संकोच वाटला तर चार बोटांच्या बारा पेरांवर अंगठा फिरवा, नऊ फेऱ्या झाल्या की १०८.

हे सगळं रोजच्या ताणासाठी. झोप, भूक किंवा कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ उडालं असेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर माळेच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत असते. उपचार चालू असताना नाम घ्यायला काहीच हरकत नाही.

आंघोळीआधी चालेल का, पाळीत चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. चालेल. नाम घ्यायला काळवेळ नाही, हे हरिपाठातच सांगितलंय. सोवळं पूजेचं, नामाचं नाही. सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी, तोंड धुऊन, स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून केलेली माळसुद्धा पुरी माळ आहे.