दोन वर्षांतलं पहिलं वर्ष

तू नाशिकहून विचारलंस, की बारावी कॉमर्स झालीय, बिझनेस मॅनेजमेंट शिकायचंय, पण चार वर्षं अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीची फी घरच्यांना झेपणार नाही. कॅलिफोर्नियात आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, करून मग युनिव्हर्सिटीत जाता येतं असं मामा म्हणतो, ते खरं का?

खरं आहे. मी स्वतः कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजातून सॅन होजे स्टेटला गेले. माझ्या पदवीवर नाव सॅन होजे स्टेटचंच आहे. पण हा रस्ता घेणाऱ्या आपल्या मुलांना एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन वर्षं म्हणतात खरी, पण सगळं ठरतं ते पहिल्याच वर्षात.

हिशेब बघ. समजा तू सप्टेंबर २०२६ ला कॉलेज सुरू केलंस. २०२८ च्या फॉलमध्ये, म्हणजे सप्टेंबरच्या सुमाराला, युनिव्हर्सिटीत जायचं तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूसीचा, अर्ज २०२७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातो. तेव्हा तुझ्या हातात मार्क असतात ते एका वर्षाचे. यूसीचे डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस ठरावीक अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची लेखी हमी देतात, तिला टॅग म्हणतात. तिचा अर्ज तर त्याच्याही आधी, सप्टेंबरमध्येच भरायचा असतो. तोवर ४५ क्वार्टर युनिट पूर्ण झालेली लागतात. क्वार्टर म्हणजे डी अँझासारख्या कॉलेजातलं एक सत्र, वर्षात अशी तीन, आणि युनिट म्हणजे कोर्सचं क्रेडिट. एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी क्वार्टरला किमान १२ युनिट घ्यावी लागतात आणि बरीच मुलं तेवढीच घेऊन निवांत बसतात. तीन क्वार्टरची होतात ३६, म्हणजे हमी तिथेच हुकते. उन्हाळ्यात कोर्स करून भरून काढता येतं, पण मग त्याचे पैसे आणि वेळ आधीच धरायला हवेत.

टॅग सगळ्या विषयांना लागू नाही, काही कॅम्पसवर बिझनेसला मिळत नाही. यूसीचेच बर्कली, यूसीएलए (लॉस एंजेलिस) आणि सॅन डिएगो हे कॅम्पस टॅग देतच नाहीत. बर्कलीचं हास हे बिझनेस स्कूल ट्रान्सफरवाल्यांना, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना, घेतं, पण चुरस फार. यूसीएलएला बीबीएसारखा विषय नाही, बिझनेस इकॉनॉमिक्स आहे. डेव्हिसचं मॅनेजेरियल इकॉनॉमिक्स मला फार चांगलं वाटतं, आणि ते नाव आपल्याकडे कुणी घेतच नाही.

म्हणून कॉलेज निवडण्याआधी शेवटची युनिव्हर्सिटी आणि विषय ठरव, निदान तीन पर्याय तरी. मग असिस्ट डॉट ऑर्ग ही सरकारी कॉलेजांची साइट उघड. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसवर धरला जातो ते तिथे विषयवार लिहिलेलं असतं. बिझनेससाठी सगळीकडे साधारण हेच दिसेल: फायनान्शियल आणि मॅनेजेरियल अकाउंटिंग, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, कॅल्क्युलस. फरक पडतो तो कॅल्क्युलसमध्ये. एका ठिकाणी बिझनेस कॅल्क्युलस चालतं, दुसरीकडे सायन्सवाल्यांचं मागतात. आपल्याकडे कॉमर्सला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेता येतं, आणि तशा मुलांना इथे सगळ्यात जास्त त्रास गणिताचाच होतो. कॅल्क्युलसच्या आधीचे कोर्स करण्यात पहिले दोन क्वार्टर गेले, की नंतरचं सगळं पुढे ढकललं जातं. अकाउंटिंगची मात्र काळजी नको. बुककीपिंग मन लावून केलं असेल तर डेबिट-क्रेडिट तुला सांगावं लागणार नाही.

अभ्यासाची पद्धतही वेगळी. क्वार्टर बारा आठवड्यांचा, पहिली मिडटर्म, म्हणजे सत्रामधली परीक्षा, चौथ्या आठवड्याच्या आसपास येते. बोर्डाच्या परीक्षेसारखं शेवटी महिनाभर बसून भरून काढू म्हणशील तर जमणार नाही, दर आठवड्याचा गृहपाठही मार्कांत धरला जातो. यूसीला कॅलिफोर्नियाबाहेरच्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांना किमान २.८ जीपीए (चारपैकी सरासरी गुण) लागतो. बिझनेसला प्रत्यक्षात त्याहून बराच वर हवा. वर्ग लहान असतात, प्राध्यापक ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे शंका विचारायला ठेवलेल्या वेळात, खरोखर वेळ देतात. लाजू नकोस, जात जा.

आता पैसे. मामाने युनिटला ४६ डॉलर असा आकडा सांगितला असेल, तर तो कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचा. तुला वर्षाची फी साधारण दहा-बारा हजार डॉलर पडेल आणि एफ-१ वर कितीही वर्षं राहिलास तरी रहिवासी धरत नाहीत. ट्रान्सफरनंतरही नाही. यूसीत बाहेरच्यांचा जादा आकारच वर्षाला ३७ हजार डॉलरच्या वर आहे. सॅन होजे स्टेटसारख्या सीएसयू, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, कॅम्पसवर खर्च त्यामानाने पुष्कळ कमी. तुझ्या घरची अडचण पैशाची असेल तर मी सीएसयूच वरच्या क्रमांकावर ठेवेन, आणि हे मनापासून सांगते. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेल नसतं, कुपर्टिनोकडे घरभाडं फीच्या बरोबरीने उभं राहतं. कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, त्यातून किराणा सुटेल, फी नाही.

पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, एक वर्ष काम करता येतं. जनरल बिझनेसला स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांना असलेली) जादा दोन वर्षं मिळत नाहीत, मॅनेजमेंट सायन्ससारख्या विषयाला मिळू शकतात. विषय ठरवताना हेही बघ. आणि मध्येच परत यावं लागलं तर दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला आपल्याकडे बीकॉमची जागा मिळत नाही, हे आईबाबांना आत्ताच स्पष्ट सांग.

व्हिसाच्या मुलाखतीत कम्युनिटी कॉलेजच का, हे विचारतीलच. तेव्हा कुठल्या कॅम्पसवर, कुठल्या विषयाला, कुठले कोर्स करून जाणार हे तुला न अडखळता सांगता आलं पाहिजे.

तू बारावीला गणित घेतलं होतंस की एसपी, तेवढं आधी कळव. एसपी असेल तर येण्याआधीचे महिने अल्जेब्रा आणि ट्रिगनॉमेट्रीला दे. कुठून सुरुवात करायची ते मी लिहून पाठवते.