अ‍ॅम्प्लिफायरच्याच सप्लायवर प्रीअ‍ॅम्प

प्रश्न : भजनी मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरला २४-०-२४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्यातच माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा ४५५८ आयसीचा प्रीअ‍ॅम्प बसवायचाय. सप्लाय आतूनच घेता येईल का? दुकानदार ७८१२ (१२ व्होल्टचा रेग्युलेटर आयसी) लावायला सांगतो.
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : घेता येईल, पण ७८१२ नको. फिल्टर कंडेन्सरवर अधिक-उणे दोन्ही बाजूंना साधारण ३४ व्होल्ट डीसी मिळतो आणि ७८१२ ची इनपुट मर्यादा आहे ३५. रात्री लाइन २५० वर गेली आणि दोन अभंगांच्या मध्ये मंडळी चहाला थांबली, की सप्लाय ३७ च्या पुढे चढतो.

दोन बाजूंना दोन झेनर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारे डायोड) पुरतात : १२ व्होल्ट, १ वॉट. प्रीअ‍ॅम्प ८ मिलीअँपिअर घेतो असं धरा, झेनरसाठी १० ठेवा. ३४ मधून १२ गेले, उरलेले २२ व्होल्ट भागिले १८ मिलीअँपिअर, म्हणजे सप्लाय आणि झेनरच्या मध्ये सुमारे १.२ किलोओहमचा रेझिस्टन्स. त्यात ०.४ वॉट उष्णता होते. पाव वॉटचा काळा पडेल, १ वॉटचाच घ्या आणि बोर्डापासून थोडा वर उचलून सोल्डरचा डाग द्या. प्रत्येक झेनरला समांतर १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा डिस्क कंडेन्सर.

चूक हमखास होते ती उणे बाजूला. तिथे झेनरची पट्टी ग्राउंडकडे येते, कंडेन्सरचं अधिक टोकही ग्राउंडकडेच. झेनर उलटा बसला तर १२ ऐवजी ०.७ व्होल्टच दिसतो. म्हणून आयसी बेसमध्ये घालण्याआधी मोजा : ८ नंबरच्या पिनला +१२, ४ नंबरच्या पिनला -१२.

ग्राउंडची वायर मोठ्या फिल्टर कंडेन्सरांच्या मधल्या जोडावरूनच आणा. स्पीकरच्या ग्राउंडवरून घेतलीत तर घूंऽऽ आवाज येईल आणि दोष बिचाऱ्या माइकला मिळेल. काम करण्याआधी प्लग काढा आणि प्रत्येक फिल्टर कंडेन्सर १ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्सने अर्धा मिनिट डिस्चार्ज करा.

प्रश्न : याच झेनरच्या जागी ५ व्होल्टचा लावून ब्लूटूथ बोर्ड चालवला तर?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नको. बोर्डाने १०० मिलीअँपिअर ओढले तर रेझिस्टन्समध्येच जवळजवळ ३ वॉट जळतील, शिवाय बोर्डाची किरकिर प्रीअ‍ॅम्पमध्ये शिरेल. त्याला जुना मोबाइल चार्जर द्या.