शेकेल आणि गेरा ही बायबलमधील वजने आजच्या कॅरटमध्ये कशी मोजावीत?

एक गेरा म्हणजे एक कॅरट धरून शेकेलचे 20 कॅरट करावेत का, असे आपण विचारले आहे. तसे करू नये. एका शेकेलचे 20 गेरा होतात, हे बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 30व्या अध्यायात स्पष्ट दिले आहे. गेरा म्हणजे दाणा असा अर्थ लावला जातो आणि कॅरट हा शब्दही कॅरोबच्या बीच्या ग्रीक नावावरून आला आहे, त्यामुळे दोन्ही एकच असावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आजचा कॅरट 1907 मध्ये ठरवलेला नेमका 200 मिलिग्रॅमचा आहे. त्या हिशेबाने 20 कॅरटचा शेकेल अवघा 4 ग्रॅमचा भरेल.

प्रत्यक्ष वजने वेगळेच सांगतात. यहूदाच्या (जेरुसलेमभोवतालच्या प्राचीन) राज्यातील, इ.स.पूर्व आठव्या-सातव्या शतकांतील चुनखडीची वजने उत्खननांत मोठ्या संख्येने मिळाली आहेत. बूड सपाट, माथा घुमटासारखा आणि त्यावर कोरलेली शेकेलची खूण, असे त्यांचे रूप असते. त्यांच्यावरून शेकेल सरासरी 11.33 ग्रॅमचा, म्हणजे सुमारे 56.7 कॅरटचा ठरतो. आपल्या तोळ्याच्या (11.66 ग्रॅम) तो इतका जवळ आहे की मला गुंजांत विचार करणे सोपे जाते: तोळ्याच्या 96 गुंजा, तर शेकेलच्या सुमारे 93. हा योगायोग आहे. त्यावरून दोन पद्धतींचे नाते जोडू नये.

बेका म्हणजे अर्धा शेकेल, हिशेबाने सुमारे 28 कॅरट. पीम हे वजन सुमारे 7.8 ग्रॅमचे, म्हणजे 39 कॅरटचे आहे. खरी अडचण गेराची आहे. ग्रंथातील 20 चा भाग धरला तर गेरा 2.83 कॅरटचा होतो. परंतु उत्खननात मिळालेली लहान वजने पाहून काही अभ्यासक शेकेलचे 24 भाग मानतात, आणि मग तो 2.36 कॅरटवर येतो. रत्नाच्या तोलात जवळजवळ अर्ध्या कॅरटचा फरक क्षुल्लक नव्हे, म्हणून कोणता भाग धरला ते नेहमी लिहावे. काळही लिहावा, कारण जेरुसलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या काळात मंदिराच्या करासाठी वापरले जाणारे सोर शहराचे चांदीचे शेकेल सुमारे 14 ग्रॅमचे, म्हणजे 70 कॅरटचे होते.

आपण राब्बाच्या, म्हणजे दाविदाने जिंकलेल्या अम्मोनी लोकांच्या शहराच्या, मुकुटाचाही उल्लेख केला आहे. बायबलमधील दुसरे शमुवेल या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात त्याचे वजन एक किक्कार सोने दिले आहे आणि त्यात रत्न होते असेही म्हटले आहे. किक्कार म्हणजे 3000 शेकेल, सुमारे 34 किलो. त्याचे 1,70,000 कॅरट होतात हे गणित बरोबर आहे, पण ते वजन मुकुटाचे आहे. रत्नाचे वजन तिथे दिलेलेच नाही, म्हणून हा आकडा रत्नापुढे लिहू नये.